दुकान लवकर सोडायचे तर किती वर्षांचा हिशेब धरावा?

धारूर तालुक्यातील तेलगाव हे रस्त्यावरचे गाव. बीडहून वडवणीमार्गे परळीकडे जाणारा आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा असे दोन मोठे रस्ते येथे मिळतात. जवळच लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगाम सुरू झाला की ऊस वाहणारे ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यांची रीघ लागते आणि पंक्चरवाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सर्वांच्या हाताला काम मिळते. हंगाम संपला की बाजार थंडावतो.

अशा गावात दोन प्रकारची माणसे शेजारी शेजारी राहतात. एक म्हणजे कारखान्यातील कायम कामगार. त्याचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो आणि १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेप्रमाणे वयाच्या ५८ व्या वर्षी त्याला पेन्शन लागू होते. दुसरा म्हणजे गादीवाला, वेल्डिंगवाला, शिंपी, फळविक्रेता, बांगड्या विकणारा मणियार किंवा मटणाचे दुकान चालविणारा कुरेशी. याला कोणी सेवानिवृत्तीचे वय ठरवून दिलेले नाही. त्याचे गुडघे, त्याची कंबर आणि त्याचे डोळे हेच त्याचे वय ठरवितात. पन्नाशी ओलांडली की घरचे म्हणू लागतात, "अब्बा, आता बस करा, दुकान आम्ही बघतो." त्यालाही मनातून तसेच वाटत असते.

काम लवकर सोडण्यात वाईट काही नाही. नमाज, कुरआनचे वाचन, नातवंडे आणि जमल्यास हजचा प्रवास यासाठी उसंत मिळावी असे कोणाला वाटणार नाही? मात्र दुकान सोडण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. जे साठविले आहे ते किती वर्षे पुरवायचे आहे? बहुतेक जण किती साठले ते मोजतात, पण किती वर्षांसाठी ते मोजत नाहीत. आजच्या लेखात त्या दुसऱ्या आकड्याचाच विचार करावयाचा आहे.

अंदाज करणे म्हणजे गैबचा दावा नव्हे

"उमर अल्लाहच्या हाती आहे, मग आयुष्याचा हिशेब कसला मांडायचा?" असे काही बांधव म्हणतील. कोण कधी आणि कोणत्या भूमीवर मरेल याचे ज्ञान फक्त अल्लाहला आहे, हा आपला ईमान आहे आणि सूरह लुकमानच्या शेवटी तो स्पष्ट सांगितला आहे. परंतु आपण येथे कोणा एका माणसाची अजल सांगत नाही. आपल्या वयाच्या पुष्कळ माणसांचे काय झाले ते पाहून तयारी किती करावी एवढेच ठरवीत आहोत. पावसाचे ज्ञानही अल्लाहलाच आहे, तरीही शेतकरी मृगापूर्वी नांगरट करून ठेवतो. आधी उंट बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण सर्वांना माहीत आहे.

हजरत यूसुफ (अ.) यांची हकीकतही येथे लक्षात घ्यावी. सात वर्षे पीक घेऊन त्यातले थोडे खावे, बाकीचे कणसातच राखून ठेवावे आणि ते पुढच्या सात दुष्काळी वर्षांत वापरावे, अशी योजना त्यांनी सांगितली. तेथे वर्षांचा आकडा अल्लाहने कळविला होता. आपल्याला तो कळत नाही. म्हणून आपला हिशेब त्याहून अधिक सावधपणे केला पाहिजे.

सरासरी आयुष्य म्हणजे काय?

भारताच्या महानिबंधकांचे कार्यालय नमुना नोंदणी पद्धतीने देशातील जन्म-मृत्यूंची पाहणी करते आणि त्यावरून आयुष्यमानाचे तक्ते तयार करते. १९७०-७५ च्या तक्त्यानुसार भारतात जन्मणाऱ्या बालकाचे अपेक्षित आयुष्य ४९.७ वर्षे होते. २०१६-२० च्या तक्त्यात ते ७० वर्षांवर आले. महाराष्ट्राचा आकडा याहून थोडा अधिक आहे.

सत्तरचा आकडा वाचून पंचावन्न वर्षांचा माणूस लगेच वजाबाकी करतो आणि म्हणतो, "म्हणजे आपले पंधरा वर्षे राहिले." ही वजाबाकी चुकीची आहे. सत्तर हा आकडा आज जन्मणाऱ्या बाळाचा आहे. त्यात पाळण्यात दगावणारी मुले आणि तरुणपणी अपघातात जाणारी माणसेही धरलेली आहेत. समजा दोन भाऊ जन्मले. एक जन्मताच गेला आणि दुसरा ऐंशी वर्षे जगला. दोघांची सरासरी चाळीस येते, पण चाळिसाव्या वर्षी त्यांच्यापैकी कोणीच मेले नाही. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुष्य अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. म्हणून त्या काळी गावात म्हातारी माणसे नव्हती असे नाही. पुष्कळ मुले दगावत असल्यामुळे सरासरी खाली ओढली जात होती.

जो पंचावन्न वर्षांचा झाला त्याने बालपणाचे आजार, गोवर, अपघात आणि तरुणपणची संकटे मागे टाकली आहेत. त्याच्यासाठी वेगळा आकडा पाहावा लागतो. वयाची ६० वर्षे पूर्ण केलेला भारतीय पुरुष सरासरी आणखी साडेसतरा वर्षांच्या आसपास, तर स्त्री आणखी सुमारे १९ वर्षे जगते. म्हणजे साठीचा पुरुष सरासरीने सत्याहत्तरपर्यंत आणि स्त्री एकोणऐंशीपर्यंत जाते. सत्तरी गाठलेल्यालाही सरासरी आणखी ११ ते १२ वर्षे मिळतात. याच हिशेबाने आज ५५ वर्षांच्या पुरुषासमोर सरासरी २१ वर्षे आहेत. ज्याने पंधरा धरली त्याचा अंदाज सहा वर्षांनी कमी पडला.

अशा तक्त्यांचा इतिहास जुना आहे. धूमकेतूमुळे ज्यांचे नाव सर्वांना माहीत आहे त्या एडमंड हॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १६९३ साली ब्रेस्लाव शहरातील जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून असा तक्ता मांडला. ते शहर आज पोलंडमध्ये आहे. आपल्याकडे विमा करणाऱ्या युरोपियन कंपन्या भारतीयांकडून जादा हप्ता घेत असत. १८७० साली स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने भारतीयांचा विमा सर्वसाधारण दराने उतरविण्यास सुरुवात केली. विम्याविषयी उलमांची मते आपल्याला ठाऊक आहेत आणि ज्याने त्याने आपल्या मुफ्तींना विचारावे. परंतु तक्ता ही केवळ मोजदाद आहे. तो वाचण्यासाठी विमा घ्यावा लागत नाही.

सरासरीवर थांबू नये

आकडा बरोबर घेतला तरी एक धोका उरतो. सरासरी सत्याहत्तर म्हणजे सर्वजण सत्याहत्तराव्या वर्षी जातात असे नव्हे. ठोकळमानाने निम्मे त्याआधी जातात आणि निम्मे त्यानंतर. साठीला पोहोचलेल्या चौघा पुरुषांपैकी एखादा पंच्याऐंशीच्या आसपास किंवा त्यापुढेही जातो. ज्याने बरोबर सत्याहत्तरपर्यंतची पुंजी बांधली, त्याची पुंजी संपल्यावरही जगण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. जुगारातही एवढी वाईट बाजू कोणी पत्करीत नाही.

आपल्याच इतिहासात पाहा. पैगंबर (स.) यांचे वय हिजरी वर्षांनी ६३ होते. हजरत अबू बक्र (रजि.) हेही ६३ व्या वर्षीच वारले. त्यांची कन्या हजरत अस्मा (रजि.) मात्र सुमारे शंभर वर्षे जगल्या असे चरित्रकार सांगतात. एकाच घरात वडिलांचे वय त्रेसष्ट आणि मुलीचे शंभर. हजरत अनस (रजि.) यांनाही शंभरीच्या आसपासचे दीर्घ आयुष्य लाभले. आपल्याकडे अनेक बुजुर्ग "त्रेसष्ट झाली, आता जे मिळेल ते बोनस" असे म्हणतात. बहुतेकांचे वय साठ ते सत्तरच्या दरम्यान राहील असेही हदीसमध्ये आले आहे. आखिरतच्या तयारीसाठी ही भावना उत्तम आहे, कारण माणसाने परतीची तयारी नेहमी लवकरची धरावी. पण पत्नीच्या भाकरीची तयारी करताना उलट धरावे. तेथे दीर्घ आयुष्य गृहीत धरण्यातच शहाणपण आहे.

स्वतःचे नव्हे, पत्नीचे वय मोजा

या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पुंजी दुकानदार जिवंत असेपर्यंत पुरून भागत नाही. घरातील शेवटचे माणूस जाईपर्यंत ती पुरली पाहिजे. आपल्या समाजात पत्नी बहुधा वयाने लहान असते आणि तक्ता सांगतो की स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक जगतात. ही दोन्ही अंतरे एकत्र झाली म्हणजे बेवापणाची दहा-पंधरा वर्षे सहज होतात.

समजा, गादी-रजईचे दुकान असलेला एक कारागीर ५५ वर्षांचा आहे आणि त्याची पत्नी ४८ वर्षांची. पत्नी पंच्याऐंशीपर्यंत जगली तर या घराला आजपासून ३७ वर्षांची तरतूद हवी. दुकानदाराने मनात पंधरा वर्षे धरलेली असतात, म्हणजे उरलेली बावीस वर्षे हिशेबातच नाहीत. ती वर्षे मग मुलांच्या मर्जीवर, भावाच्या दयेवर किंवा सरकारी योजनेच्या तुटपुंज्या रकमेवर जातात. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत सोडून जाणे चांगले, हे पैगंबर (स.) यांनी हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांना आजारपणात सांगितले होते. त्या वारसांत पत्नीही येते.

म्हणून नियम असा धरावा. नवरा-बायकोपैकी ज्याचे वय कमी त्याचे वय घ्यावे आणि ते किमान पंच्याऐंशी होईपर्यंतची वर्षे मोजावी. माहेरी किंवा सासरी नव्वदीपर्यंत गेलेली माणसे असतील तर नव्वद धरावे.

प्रकृतीची वजाबाकी कशी करावी

"आम्हाला शुगर आहे, आम्ही कसले पंच्याऐंशी गाठतो?" असेही लोक म्हणतात. सवयींचा आणि धंद्याचा आयुष्यावर परिणाम होतो हे खरेच आहे. ब्रिटिश डॉक्टरांची पन्नास वर्षे पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी जातात. पण साठाव्या वर्षी सोडली तरी सुमारे तीन, पन्नासाव्या वर्षी सोडली तर सहा आणि चाळिसाव्या वर्षी सोडली तर नऊ वर्षे परत मिळतात. आपल्याकडे तंबाखू बहुतेक चघळली जाते आणि तोंडाच्या कर्करोगाचे ते एक मोठे कारण आहे. कापूस पिंजणाऱ्याच्या छातीत कापसाची धूळ जाते, वेल्डरच्या छातीत धूर जातो, दगड फोडणाऱ्याच्या फुप्फुसात दगडाची भुकटी बसते.

तरीसुद्धा आजारपणाचे कारण देऊन वर्षे कमी धरू नयेत, असे आम्ही सुचवितो. याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे आजार नेहमी आयुष्य लवकर संपवीत नाही. पुष्कळदा तो आधी कमाई संपवितो आणि औषधांचा खर्च मागे ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली भारतीयांचे निरोगी आयुष्य सुमारे ६० वर्षांचे होते. एकूण आयुष्य सत्तरच्या आसपास आहे, म्हणजे मधली दहाएक वर्षे आजारपणाच्या ओझ्याची आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक आजारांवर रुग्णालयात उपचार होतात, पण रक्तदाबाच्या आणि शुगरच्या रोजच्या गोळ्या बहुधा स्वतःच्या खिशातूनच आणाव्या लागतात. दुसरे कारण असे की, तुमची प्रकृती खराब असली तरी पत्नीची चांगली असू शकते आणि शेवटचा हिशेब तिच्यावरच येऊन थांबतो.

रुपयांत मांडून पाहू

वरच्याच कारागिराचा हिशेब करू. नवरा-बायको दोघांचा खर्च महिन्याला १२ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार रुपये धरू. सर्व आकडे आजच्या भावाने घेतले आहेत.

मनातली पंधरा वर्षे धरली तर लागतात २१ लाख ६० हजार.

तक्त्यातली सरासरी २१ वर्षे धरली तर लागतात ३० लाख २४ हजार.

आता तिसरा हिशेब. नवरा ७७ पर्यंत जगला, म्हणजे २२ वर्षे दोघांचा खर्च. त्याचे झाले ३१ लाख ६८ हजार. त्यानंतर पत्नी एकटी १५ वर्षे. एकट्या माणसाचा खर्च निम्मा होत नाही, कारण वीज, घरदुरुस्ती आणि औषधे तीच राहतात. म्हणून महिन्याला ८ हजार धरू. त्याचे झाले १४ लाख ४० हजार. एकूण ४६ लाख ८ हजार. पहिल्या आकड्याच्या दुपटीहूनही हे अधिक आहे.

आणि हे सर्व आजच्या भावाने. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली तर भाव बारा वर्षांत दुप्पट आणि चोवीस वर्षांत चौपट होतात. आजचे १२ हजार बारा वर्षांनी २४ हजार आणि चोवीस वर्षांनी ४८ हजार होतील. सरकारी योजनांत या वाढीला जागा नाही. २०१९ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेत साठीनंतर महिना ३ हजार रुपये ठरलेले आहेत, आणि त्यात नाव घालण्याचे वय १८ ते ४० आहे. पंचावन्नच्या माणसाला ते दार बंद झालेले असते. व्याजाचा प्रश्न विचारून घेऊन तरुण शागिर्दांनी मात्र त्या योजनेची माहिती जरूर घ्यावी.

बीड जिल्ह्यात आणखी एक बाब धरावी लागते. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांना आठवतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ तर सर्वांनीच पाहिले. ऊस नसेल तर कारखान्याचे गाळप घटते आणि त्यामागोमाग चौकातला बाजारही बसतो. ३७ वर्षांच्या हिशेबात अशी चार-सहा वर्षे येणारच. त्या वर्षांत मुलाचा धंदाही मंद असतो, म्हणून नेमक्या त्याच वर्षांत मुलावर भिस्त ठेवता येत नाही.

पडून राहिलेला पैसा झिजतो

व्याज नको म्हणून पुष्कळ जण रक्कम घरात किंवा चालू खात्यात ठेवून देतात. व्याज टाळणे योग्यच आहे, पण पैसा निष्क्रिय ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. एक लाख रुपये नुसते पडून असतील आणि त्यावर दरवर्षी अडीच टक्के जकात काढली, तर पंचवीस वर्षांनी सुमारे ५३ हजार उरतात. महागाईचा घाव वेगळाच. यतीमांचा माल व्यापारात लावा, नाहीतर जकातच तो खाऊन टाकील, असा सल्ला हजरत उमर (रजि.) यांनी दिल्याचे सांगितले जाते. म्हाताऱ्या माणसाच्या पुंजीलाही हीच गोष्ट लागू आहे.

जकातीचा नियमच आपल्याला वाट दाखवितो. राहते घर, धंद्याची हत्यारे, यंत्रे आणि भाड्याने दिलेला गाळा यांच्या किमतीवर जकात नाही. रोख रक्कम, सोने-चांदी, विक्रीचा माल आणि साठलेले भाडे यांवर आहे. म्हणजे उत्पन्न देणारी मालमत्ता शाबूत राहते, तर पडून असलेली पुंजी झिजते.

हात थांबवा, दुकान थांबवू नका

आयुष्याचा नेमका आकडा कधीच कळणार नाही. तेव्हा आयुष्य कितीही लांबले तरी न संपणारे उत्पन्न उभे करणे हाच खरा उपाय होय. कारागिराला असे तीन मार्ग उपलब्ध आहेत.

पहिला मार्ग भाड्याचा. स्वतःचा गाळा असेल तर तो विकून रोख करू नये. महिना ५ हजार भाडे मिळाले आणि ते महागाईबरोबर वाढत गेले, तर ३७ वर्षांत आजच्या भावाने २२ लाख २० हजार होतात. ४६ लाखांच्या गरजेपैकी जवळजवळ निम्मा भाग यातून सुटला. शिवाय पत्नी ८५ ऐवजी ९५ वर्षे जगली तर जादा दहा वर्षांचा खर्च ९ लाख ६० हजार आहे. त्यातले ६ लाख तोच गाळा देईल. रोकड असती तर ती केव्हाच संपली असती.

दुसरा मार्ग भागीदारीचा. भांडवल आणि गिऱ्हाईक तुमचे, मेहनत मुलाची किंवा शागिर्दाची, आणि नफा ठरलेल्या वाट्याने. यालाच मुदारबत म्हणतात. यात महिन्याला अमुक रुपये अशी ठरीव रक्कम बांधता येत नाही, फक्त नफ्याचा वाटा ठरविता येतो. तोटा झाला तर तो भांडवलावर पडतो आणि काम करणाऱ्याची मेहनत वाया जाते. वाटा मुलाशी ठरवायचा असला तरी लिहून ठेवावा. उधारीच्या व्यवहाराला लिखापढी करण्याचा हुकूम कुरआनने दिला आहे आणि बाप-लेकांतील बिघाड बहुधा न लिहिलेल्या बोलीतूनच होतात.

तिसरा मार्ग म्हणजे अर्धे काम. पूर्ण काम सोडण्याऐवजी सकाळचे तीन तास दुकानावर बसून माप घेणे, भाव ठरविणे आणि हिशेब पाहणे. यातून महिन्याला ६ हजार मिळाले आणि ते दहा वर्षे चालले तर ७ लाख २० हजार होतात. भाडे आणि अर्धे काम मिळून ४६ लाखांची गरज १६ लाख ६८ हजारांवर येते.

एक-एक वर्षाचे मोलही समजून घ्यावे. कमाई महिन्याला २० हजार आणि खर्च १२ हजार असेल, तर एक वर्ष अधिक काम केल्याने ९६ हजार साठतात आणि एका वर्षाचे १ लाख ४४ हजार लागत नाहीत. दोन्ही मिळून २ लाख ४० हजारांचा फरक पडतो. पंचावन्नऐवजी साठीला दुकान सोडले तर हा फरक १२ लाखांचा होतो. शरीर साथ देत असेल तर ही पाच वर्षे फार मोलाची आहेत. शरीर साथ देत नसेल तर निदान भाड्याचा आणि भागीदारीचा मार्ग आधीपासून तयार ठेवावा.

आठवा हिस्सा विसरू नका

येथे पुष्कळ नेक माणसांच्या योजना फसतात. नवऱ्याने गाळा राखला, भाडे चालू ठेवले आणि समाधानाने डोळे मिटले. त्यानंतर वारसाहक्क लागू होतो. मुले असतील तर पत्नीला मालमत्तेचा आठवा आणि मुले नसतील तर चौथा हिस्सा मिळतो. ५ हजारांच्या भाड्यातले तिच्या वाट्याला फक्त ६२५ रुपये येतात. तिची गरज मात्र ८ हजारांची आहे. मुले आईला सांभाळतात आणि सांभाळणे त्यांचे कर्तव्यही आहे. पण ते कर्तव्य तिच्या हातातल्या हक्काची जागा घेऊ शकत नाही.

शरीअतने ठरविलेले हिस्से अटळ आहेत आणि ते बदलण्याचा विचारही कोणी करू नये. परंतु हयातीत करण्यासारख्या गोष्टी शरीअतनेच खुल्या ठेवल्या आहेत. पहिली म्हणजे मेहर. ती बाकी असेल तर ते नवऱ्यावरचे कर्ज आहे. आजच ती रोख, सोने किंवा जागेच्या रूपाने अदा करावी. दुसरी हिबा. घराचा किंवा गाळ्याचा योग्य भाग पत्नीला बक्षीस देता येतो. त्यासाठी देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा या तिन्ही गोष्टी पूर्ण व्हाव्या लागतात. मुलांवर अन्याय करण्याचा हेतू त्यात नसावा. कागद वकिलाकडून आणि मसला मुफ्तींकडून तपासून घ्यावा. तिसरी गोष्ट म्हणजे वसीयतीवर विसंबू नये. वसीयत एक तृतीयांशापुरतीच चालते आणि वारसाच्या नावे केली तर इतर वारसांची संमती लागते.

आणि हे सर्व तब्येत ठणठणीत असतानाच करावे. मरणाच्या आजारात दिलेल्या बक्षिसाला वसीयतीचेच नियम लागतात. "पुढे पाहू" म्हणणाऱ्याची संधी त्या दिवशी निघून जाते. पुंजी पुरविण्यासाठी आयुष्य लांब धरावे आणि कागद करण्यासाठी ते आजच संपणार असे धरावे.

घरच्या घरी करावयाचा हिशेब

एका रविवारी वही घ्यावी, पत्नीला शेजारी बसवावे आणि पुढील गोष्टी क्रमाने लिहाव्या.

१) दोघांपैकी लहान माणसाचे वय. ते ८५ मधून वजा करावे. हीच आपली वर्षे.

२) दोघांचा आजचा वर्षाचा खर्च औषधांसह, आणि एकट्याचा खर्च त्याच्या दोन तृतीयांश.

३) या वर्षांची एकूण गरज आजच्या भावाने.

४) आयुष्यभर चालणारे उत्पन्न, म्हणजे भाडे आणि भागीदारीचा वाटा.

५) गरजेतून ते उत्पन्न वजा करून उरलेली तूट. ती पुंजीतून भागते का, हे पाहावे. भागत नसेल तर किती वर्षे अर्धे काम करावे लागेल ते काढावे.

६) मेहर अदा झाली का, आणि पत्नीच्या नावे काय आहे.

दर तीन वर्षांनी रमजानात जकातीचा हिशेब करताना हाही हिशेब पुन्हा तपासावा. वय वाढेल, भाव बदलतील, मुलगी सासरी जाईल, मुलगा पुण्याला कामाला जाईल. त्याप्रमाणे आकडे बदलावे लागतात.

हिशेब जमला नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. चाळिशीत ज्याला तूट दिसली त्याच्या हाती वीस वर्षे आहेत. पंचावन्नमध्ये ज्याला दिसली त्याच्याकडे निदान गाळा, हुन्नर आणि ओळखीचे गिऱ्हाईक आहे. तूट दिसलीच नाही तर मात्र तिची किंमत शेवटी घरच्या बाईला मोजावी लागते. अल्लाह आपल्या सर्वांना हलाल रोजी, तंदुरुस्ती आणि कोणापुढे हात न पसरण्याची इज्जत देवो. आमीन.